पॅच सर्वत्र चालावा यासाठी
(अध्यक्षीय भाषण, इंदूर)

संगणकावरचा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी, सहसा थेट व्यवहार करत नाही. फाइल उघडणे, मेमरी मागणे, घड्याळ पाहणे, शब्दांची क्रमवारी लावणे, नेटवर्कवर एखाद्या नावाचा पत्ता शोधणे ही सारी कामे तो सिस्टिम लायब्ररीवर सोपवतो. सी भाषेच्या जगात या लायब्ररीला लिबसी म्हणतात. सर्वसाधारण वापरकर्त्याला तिचे अस्तित्वही ठाऊक नसते आणि बऱ्याच प्रोग्रॅमरांना लिबसी एकच आहे असे वाटते. प्रत्यक्षात लिबसी अनेक आहेत. एका लिबसीवर तपासलेला पॅच, म्हणजे कोडमध्ये केलेली दुरुस्ती, दुसरीवर बिल्डच होत नाही, किंवा बिल्ड होतो आणि चालताना कोसळतो. तिसरा प्रकार सर्वांत वाईट: पॅच बिनबोभाट चालतो आणि चुकीचे उत्तर देतो.

डेस्कटॉप आणि सर्व्हरवरच्या बहुतेक लिनक्स यंत्रणांत, म्हणजे डेबियन, उबुंटू, फेडोरा वगैरेंत, ग्लिबसी असते. जीएनयू प्रकल्पात तिचे काम १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. २०११ साली मसल ही आटोपशीर लायब्ररी आली. अल्पाइन लिनक्सने २०१४ मध्ये आपल्या ३.० या आवृत्तीपासून ती स्वीकारली. पुढे कंटेनरांचा, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामग्रीसह बंदिस्त करून चालवण्याचा, जमाना आला, अल्पाइनची इवलीशी प्रतिमा (इमेज) पायाभूत म्हणून सर्रास वापरली जाऊ लागली आणि मसल हे नाव कधीही न ऐकलेल्या लोकांचे प्रोग्रॅम मसलवर चालू लागले. राउटरांसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटीनेही तोच रस्ता धरला. अँड्रॉइडमध्ये बायॉनिक आहे. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी यांची प्रत्येकाची आपली लिबसी आहे, मॅकची वेगळी आणि विंडोजची तर अगदीच निराळी.

विंडोज सोडली तर या सगळ्यांना बांधून ठेवणारे दोन करार आहेत: १९८९ मध्ये प्रथम मंजूर झालेले सी भाषेचे प्रमाणक आणि १९८८ पासूनचे पॉझिक्स हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोयींचे प्रमाणक, ज्याची ताजी आवृत्ती २०२४ ची आहे. करारात काही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत, त्यांच्यावर निर्धास्त विसंबता येते. काही गोष्टी मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत, तिथे प्रत्येक लायब्ररी आपल्या सोयीने वागते. उरलेल्या करारात नाहीतच, त्या एखाद्या लायब्ररीने पदरच्या जोडल्या आहेत. पॅच अडतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. आणि लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नसते की तो पहिल्यातून तिसऱ्यात कधी शिरला, कारण त्याच्या मशीनवर सगळे सारखेच दिसते.

बेसनेम या फंक्शनचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. फाइलच्या पूर्ण मार्गातून शेवटचे नाव काढून देणे एवढेच त्याचे काम. पण ग्लिबसीत या एका नावाची दोन फंक्शने आहेत. स्ट्रिंगच्या हेडरमधून, म्हणजे फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइलीतून, येणारे जीएनयू पद्धतीचे बेसनेम दिलेल्या मजकुराला हात लावत नाही, आणि मार्ग तिरप्या रेघेने संपत असेल तर रिकामी स्ट्रिंग परत देते. लिबजेन या हेडरमधून येणारे पॉझिक्सचे बेसनेम शेवटची तिरपी रेघ गाळून त्याआधीचे नाव देते, आणि हे करताना मूळ मजकूर बदलण्याची त्याला मुभा आहे. मसलमध्ये फक्त पॉझिक्सचे बेसनेम आहे. तरीही जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी मसलने स्ट्रिंगच्या हेडरात त्याची एक अर्धवट घोषणा ठेवली होती. २०२४ च्या १.२.५ आवृत्तीत ती काढून टाकली आणि एकाच वेळी कितीतरी पॅकेजांचे बिल्ड अडले.

ते अडले हे बरेच झाले, कारण जिथे अडले नाही तिथे प्रकरण जास्त गंभीर होते. घोषणा न सापडलेले फंक्शन पूर्णांक परत देते असे सीचा जुना कंपायलर गृहीत धरतो. ६४ बिटी मशीनवर पत्ता ६४ बिटांचा आणि पूर्णांक ३२ बिटांचा, म्हणजे परत आलेल्या पत्त्याचा अर्धा भाग कापला जातो. प्रोग्रॅम त्या अर्ध्या पत्त्यावर वाचायला जातो आणि कोसळतो. कंपायलरने यावर केवळ एक इशारा दिलेला असतो, आणि शेकडो इशाऱ्यांच्या गर्दीत तो कोणी वाचत नाही. क्लँग आणि जीसीसी या कंपायलरांनी अनुक्रमे १६व्या आणि १४व्या आवृत्तीपासून हा इशारा थेट चूक (एरर) ठरवला. हा निर्णय वीस वर्षे आधी व्हायला हवा होता.

आता यावरचे पॅच. घाईत लिहिलेला पॅच म्हणतो, ग्लिबसी नसेल तर लिबजेन हेडर जोडा. बिल्ड होतो. पण आता मजकूर बदलणारे फंक्शन अशा ठिकाणी आले जिथे मूळ लेखकाने मजकूर अबाधित राहील असे धरले होते. तिरप्या रेघेने संपणारा कायमस्वरूपी मजकूर त्याच्या हाती दिला की प्रोग्रॅम पडतो. दुसरा पॅच तेच हेडर सरसकट जोडतो. त्याने ग्लिबसीवरचे वागणेही गुपचूप बदलते, कारण ते हेडर आले की ग्लिबसीतसुद्धा बेसनेम हे नाव पॉझिक्सच्या फंक्शनकडे वळते. टिकणारा पॅच तीन ओळींचा आहे: शेवटची तिरपी रेघ शोधणारे, सर्व लायब्रऱ्यांत एकसारखे असणारे प्रमाणित फंक्शन वापरायचे, रेघ सापडली तर तिच्या पुढचा भाग घ्यायचा, न सापडली तर संपूर्ण मजकूर. कोणत्याही लायब्ररीचे नाव त्यात येत नाही.

याच जातीची आणखी उदाहरणे थोडक्यात सांगता येतात. चूक-क्रमांकाचा मजकूर देणारे स्ट्रएरर-आर ग्लिबसीत जीएनयू रूपात मजकुराचा पत्ता परत देते. पॉझिक्सप्रमाणे ते पूर्णांक परत देते आणि मजकूर दिलेल्या जागेत भरते. एकाच्या भरवशावर लिहिलेला कोड दुसऱ्यावर शून्य हाच पत्ता समजतो. क्यूसॉर्ट-आर या क्रमवारीच्या फंक्शनमध्ये जीएनयू आणि बीएसडी यांचा आर्ग्युमेंटांचा क्रमच वेगळा होता. पॉझिक्सने २०२४ मध्ये जीएनयूचा क्रम उचलला, फ्रीबीएसडीने १४व्या आवृत्तीत तो आधीच घेतला होता, मॅकवर मात्र जुना क्रम राहिला. मजकुराची मर्यादित नक्कल करणारे स्ट्रएलकॉपी ओपनबीएसडीत १९९८ साली आले आणि ग्लिबसीत २०२३ च्या २.३८ आवृत्तीत. मधली पंचवीस वर्षे प्रत्येक प्रकल्पाने आपापले घरगुती स्ट्रएलकॉपी बाळगले. ग्लिबसीने ते दिले त्या दिवशी यांतले काही घरगुती अवतार तिच्या घोषणेशी भांडू लागले. त्या फंक्शनाला इतकी वर्षे दारात उभे ठेवण्यात तांत्रिक कारणांइतकाच हट्टाचाही वाटा होता, असे मानायला जागा आहे.

करारात मोकळ्या सोडलेल्या गोष्टींचा सर्वांत गाजलेला किस्सा २०१० चा आहे. मेमकॉपी हे फंक्शन मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे नकलते. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतील तर परिणामाची हमी नाही, तिथे मेममूव्ह वापरावे, असे प्रमाणक १९८९ पासून सांगत आले आहे. ग्लिबसीने काही प्रोसेसरांवर वेगासाठी उलट दिशेने नक्कल करणारे मेमकॉपी आणले आणि फेडोरा १४ वर ॲडोबच्या फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. फ्लॅशने नियम मोडला होता, पण तो मोडूनही इतकी वर्षे चालले होते. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी वापरकर्त्यांची बाजू घेऊन जाहीर वाद घातला. अखेर ग्लिबसीच्या २.१४ आवृत्तीत मेमकॉपीला नवे आवृत्ती-चिन्ह मिळाले, जेणेकरून जुने प्रोग्रॅम जुन्या वागण्यावर आणि नवे नव्यावर चालावेत. ‘आमच्या मशीनवर तर चालते’ हे वाक्य पुरावा म्हणून किती लंगडे आहे, ते या प्रकरणाने कायमचे दाखवून दिले.

हेडर आणि फंक्शने जुळली तरी संकट टळत नाही, कारण काही फरक आकड्यांचे असतात. नव्या थ्रेडला ग्लिबसी साधारणपणे ८ मेगाबाइटचा स्टॅक देते, मसल १२८ किलोबाइटचा. खोल रिकर्शन करणारा किंवा फंक्शनच्या आत मोठे ॲरे घेणारा कोड पहिल्यावर आरामात चालतो आणि दुसऱ्यावर कारण न सांगता पडतो. उपाय सरळ आहे: थ्रेड तयार करतानाच हवा तेवढा स्टॅक मागून घ्यावा. वेळेची गोष्टही अशीच. ३२ बिटी यंत्रणांवर सेकंदांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी ओसंडणार म्हणून मसलने २०२० च्या १.२.० आवृत्तीत वेळेचा डेटा-प्रकार ६४ बिटी केला, ग्लिबसीने २.३४ मध्ये तो पर्याय म्हणून दिला. वेळ छापताना तिचा आकार लाँग या पूर्णांक-प्रकाराएवढाच आहे असे गृहीत धरणारा कोड अशा मशीनवर भलतेच आकडे दाखवतो. मोठ्या फाइलींसाठी नावामागे ६४ लावलेली जी फंक्शने ग्लिबसीने दिली, त्यांचा आधार मसलने २०२३ च्या १.२.४ मध्ये काढून घेतला. तिथे नावे बदलत बसण्यापेक्षा साधी फंक्शने वापरून फाइल-ऑफसेट ६४ बिटांचा हवा एवढे कंपायलरला सांगितले की दोन्हीकडे भागते.

मराठी वाचकाच्या अंगणात हा प्रश्न येतो तो क्रमवारीच्या रूपाने. इंदूरला मराठीची परंपरा मोठी आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले, आणि अनेक घरांत व संस्थांत मराठी पुस्तकांचे संग्रह आहेत. समजा, अशा एखाद्या संग्रहाची सूची संगणकावर अकारविल्हे लावायची आहे आणि त्यात मालवण, मावळ, मासा, माहेर, माळवा हे शब्द आहेत. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो, म्हणून माळवा शेवटी यायला हवा. युनिकोडमध्ये मात्र ळ ची जागा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. केवळ युनिकोडच्या क्रमांकांवर क्रम लावला तर माळवा उडी मारून मालवणच्या खाली, दुसऱ्या जागी येऊन बसतो. होळकर हे नाव होशंगाबादच्या आधी जाते. इंदूरच्या सूचीत होळकर चुकीच्या जागी सापडावेत ही गंमत इथल्या ग्रंथपालांना मुळीच आवडणार नाही.

भाषेप्रमाणे क्रम लावण्याचे काम लिबसीतले स्ट्रकोल हे फंक्शन करते, निदान त्याने ते करावे अशी अपेक्षा असते. ग्लिबसीत लोकेलच्या, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या, फाइलींतून क्रमाचे नियम येतात आणि मराठीचे लोकेल त्यांत आहे. मसलमध्ये स्ट्रकोल भाषेकडे पाहतच नाही, बाइटांची सरळ तुलना करते. मराठी लोकेल मागितले तर नकार येत नाही, म्हणून प्रोग्रॅमला वाटते काम झाले. डेबियनवरचा ग्रंथसूचीचा प्रोग्रॅम अल्पाइनच्या कंटेनरात हलवला की क्रम बदलतो आणि कुठेही चूक झाल्याचा संदेश उमटत नाही. ‘दऱ्या’ यासारख्या शब्दांत तर आणखी भर. त्यातला र जर अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेला असेल, तर त्या चिन्हाचा क्रमांक देवनागरीच्या सर्व अक्षरांहून मोठा असल्यामुळे तो शब्द ‘दर्जा’ आणि ‘दर्शन’ यांच्याही खाली घसरतो.

ग्लिबसीवर राहिले म्हणजे सुटका झाली असेही नाही. २०१८ च्या २.२८ आवृत्तीत ग्लिबसीने क्रमवारीचे नियम आंतरराष्ट्रीय प्रमाणकाच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घेतले. पोस्टग्रेस हा डेटाबेस आपले इंडेक्स याच क्रमाने रचत असल्यामुळे, ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केल्यावर जुने इंडेक्स नव्या नियमांशी विसंगत ठरले. डेटाबेसमध्ये असलेली नोंद शोधली तर सापडेना. सगळे इंडेक्स पुन्हा बांधणे हाच इलाज होता. मराठीचा क्रम ज्याला खरोखर महत्त्वाचा आहे त्या प्रोग्रॅमने तो लिबसीकडे मागू नये. युनिकोडच्या भाषा-माहितीकोशात मराठीच्या क्रमाचे नियम स्वतंत्र नोंदलेले आहेत आणि आयसीयू ही लायब्ररी ते सर्व यंत्रणांवर सारखेच लागू करते. ती सोबत घ्यावी, तिची आवृत्ती नोंदवून ठेवावी. आकार वाढतो ही तक्रार रास्त आहे, पण चुकीच्या सूचीपेक्षा थोडी मोठी प्रतिमा परवडते.

एका बाबतीत मात्र मसलची बाजू सरस ठरली. भाषेची कोणतीही सेटिंग नसेल तर मसल युटीएफ-८ गृहीत धरते, ग्लिबसी जुनी सी पद्धत धरते. त्यामुळे उघड्याबोडक्या कंटेनरात ग्लिबसीवर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसण्याचा प्रकार घडतो. युटीएफ-८ असलेले सी लोकेल ग्लिबसीने अधिकृतपणे २०२२ च्या २.३५ आवृत्तीत दिले. त्याआधीच्या यंत्रणांवर ते आहेच असे समजणारा पॅच चालेल याची खात्री नसते.

आता पॅच लिहावा कसा. पहिला नियम असा की लायब्ररीचे नाव विचारू नये, तिच्यात हवी ती सोय आहे का हे विचारावे. ग्लिबसी आपली ओळख सांगणारा मॅक्रो देते. मसलने तसा मॅक्रो मुद्दाम दिलेला नाही, कारण तो दिला की लोक आजच्या उणिवा कायमच्या गृहीत धरून कोड लिहितात आणि उद्या उणीव भरून निघाली तरी तो कोड जुनाच रस्ता धरतो. मसलमध्ये क्यूसॉर्ट-आर २०२२ पर्यंत नव्हते, आता आहे. नाव पाहणाऱ्या पॅचला हा बदल कळणार नाही, सोय तपासणाऱ्याला आपोआप कळेल. शिवाय ओळखीचा मॅक्रो खराच असतो असेही नाही: छोट्या उपकरणांसाठीची यूक्लिबसी जुळवून घेण्यासाठी स्वतःला ग्लिबसी म्हणवून घेत असे. ऑटोकॉन्फ, सीमेक, मेसन या बिल्डच्या साधनांत एखादे फंक्शन, हेडर किंवा स्ट्रक्चरमधला घटक आहे की नाही हे तपासण्याची सोय असते. तपासणीही नुसत्या नावाची नको. क्यूसॉर्ट-आर ग्लिबसीत आणि मॅकवर दोन्हीकडे आहे, आर्ग्युमेंटांचा क्रम वेगळा आहे. तिथे चार ओळींचा नमुना कंपाइल करून पाहावा लागतो.

दुसरा मुद्दा पर्यायी कोडच्या जागेचा. जिथे सोय नाही तिथे तिची बदली व्यवस्था एका वेगळ्या फाइलीत असावी आणि बाकीच्या प्रोग्रॅमला ती एकाच नावाने दिसावी. पानापानावर अटींची ठिगळे लावलेला पॅच मूळ प्रकल्पाचा सांभाळकर्ता स्वीकारत नाही, आणि त्याचे बरोबर असते, कारण पुढची दहा वर्षे तो कोड त्याला वाचायचा असतो. बदली फंक्शनाला प्रकल्पाचा उपसर्ग लावलेले नाव द्यावे, म्हणजे उद्या लायब्ररीनेच ते फंक्शन दिले तरी भांडण होत नाही. ग्नूलिब, लिबबीएसडी यांसारखे तयार संच आहेत. ग्नूलिबचा पसारा मोठा आहे आणि लहान प्रकल्पाला तो जड जातो.

लायब्ररीची नवी आवृत्ती ही व्यवहारात एक वेगळी लायब्ररीच समजावी. ग्लिबसीने २.२८ मध्ये उपकरण-क्रमांकाचे मॅक्रो एका हेडरातून काढून दुसऱ्यात नेले, २.३२ मध्ये चूक-मजकुरांची जुनी यादी बंद केली, २.३४ मध्ये सिग्नल-स्टॅकचा आकार स्थिरांक ठेवला नाही. दर वेळी असंख्य पॅच लिहावे लागले. आणि ज्या प्रकल्पांनी मसलसाठी पूर्वीच प्रमाणित मार्ग धरला होता त्यांना यांतल्या कित्येक बदलांची झळच लागली नाही.

पॅच लिहून झाला की तो अल्पाइन किंवा व्हॉइड अशा लिनक्स वितरणांच्या (डिस्ट्रोंच्या) घरच्या साठ्यात पडून राहू नये, मूळ प्रकल्पाकडे गेला पाहिजे. डिस्ट्रोच्या साठ्यातल्या पॅचमध्ये आजूबाजूच्या ओळींचा संदर्भ असतो. मूळ कोड पुढे सरकला की तो संदर्भ जुळेनासा होतो आणि कोणीतरी तो पॅच दर आवृत्तीला पुन्हा बसवत राहतो. मूळ प्रकल्पाकडे पाठवताना ‘मसलवर बिल्ड होत नाही’ एवढेच लिहिले तर सांभाळकर्ता खांदे उडवतो. ‘हे वागणे पॉझिक्समध्ये नाही, ग्लिबसीचे खास आहे, प्रमाणित पर्याय हा’ असे लिहिले तर वादाला जागा उरत नाही.

हे काम परदेशी मंडळींचे आहे अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. तिला छेद देणारे उदाहरण पुण्याचे आहे. त्या काळी पुण्यात राहून काम करणारे सिद्धेश पोयरेकर ग्लिबसीच्या २०१७ सालच्या २.२५ आणि २.२६ या आवृत्त्यांचे प्रकाशन-व्यवस्थापक होते, आणि लायब्ररीचे वर्तन बाहेरून जुळवण्याची ट्यूनेबल्स ही सोयही मुख्यतः त्यांच्या कामातून आली. जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर ज्या लायब्ररीवर उभे आहेत तिच्या आवृत्तीवर मराठी आडनावाची सही असू शकते.

इंदुरात गोविंदराम सेकसरिया संस्था १९५२ पासून अभियंते घडवते आहे, २००९ पासून आयआयटी आहे, सुपर कॉरिडॉरवर मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची संकुले आहेत. या शहरातल्या विद्यार्थ्याला मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिले पाऊल टाकायचे असेल तर पोर्टेबिलिटीचा पॅच हा फार चांगला आरंभ आहे: तो लहान असतो, त्याचे बरोबर-चूक तपासता येते आणि तो लिहिताना प्रमाणक वाचावेच लागते. सामग्री म्हणून साधा लॅपटॉप पुरतो. अल्पाइनचा कंटेनर त्यावर काही मिनिटांत उभा राहतो, फ्रीबीएसडी आभासी मशीनवर चालते. मार्गदर्शक शिक्षकांनी प्रकल्पाचे गुण देताना ‘चालते का’ यासोबत ‘दुसऱ्या लिबसीवर चालते का’ हाही प्रश्न विचारावा. आणि मराठी मजकूर हाताळणारे कोणतेही सॉफ्टवेअर या शहरातून बाहेर पडण्यापूर्वी त्याला मालवण, मावळ, मासा, माहेर, माळवा हे पाच शब्द दोन वेगवेगळ्या लायब्रऱ्यांवर क्रमाने लावायला द्यावेत.